बांधून ठेवलेला मथळा

ऐन मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून फिरणारा माणूस मी जिंदगीत एकच पाहिला. आमच्या दैनिकाचे उपसंपादक. माणूस उदगीरकडचा, कपाळाला विभूती, सदऱ्याच्या आत गळ्यातलं इष्टलिंग, आणि बोलता बोलता मधूनच एखादा कानडी शब्द. सगळी कचेरी त्यांना आप्पा म्हणायची. मालकही आप्पाच म्हणायचे, पण त्यांच्या तोंडून ते हाक मारल्यासारखं कमी आणि हाकलल्यासारखं जास्त वाटायचं. मफलरचं कुणी विचारलं तर आप्पांचं ठरलेलं उत्तर असायचं, "घसा जपावं लागतंय बाबा. आपला धंदा वरडायचा हाय."

ओरडताना मात्र त्यांना कुणी ऐकलं नाही. ते फक्त मथळे लिहायचे.

मी तिथं कंपोझिटर होतो. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा खणातून उचलायचा, ओळ जुळवायची, ओळीवर ओळ रचायची. मी डावरा. उस्तादानं शिकवताना डाव्या हातावर पुष्कळ पट्ट्या मारल्या, पण हात काही बदलला नाही. शेवटी त्यानंच नाद सोडला.

आप्पांची पहिली आठवण सांगतो. कामावर लागून दोनच दिवस झाले होते. दुपार कलली होती. कचेरी झाडणारी सोजरबाई फरशीवर बसून खराट्याच्या काड्या नीट करत होती आणि आप्पा तिच्यापुढं स्टूल ओढून बसले होते. हातात कागद.

"सोजरबाई, ऐक. 'पाणीपुरवठा योजना मार्गी.' सांग, काय झालं?"

"पानी आलं," सोजरबाई म्हणाली.

"न्हाई आलं. योजनेचा कागद मंजुरीला मुंबईला गेलाय."

"मग तसं लिव्हा की. उगं मला घागर घेऊन उठाया लावताव."

आप्पांनी 'मार्गी' खोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'पाण्याचा कागद मुंबईला गेला'. मालक संतापले. योजनेचं श्रेय घेणारे पुढारी त्यांच्या उठण्याबसण्यातले. आप्पा एवढंच म्हणाले, "मालक, जे झालं ते लिहिलंय."

सोजरबाईला अक्षर ओळखता यायचं नाही. तिला ऐकवल्याशिवाय आप्पांचा एकही मथळा आमच्याकडं जुळवायला येत नसे. ती रजेवर असली की ते समोरच्या पानपट्टीवर जायचे, हमालांना गाठायचे, पण समाधान व्हायचं नाही. म्हणायचे, शिकलेला माणूस मथळ्यात स्वतःचं घालून वाचतो, सोजरबाई आहे तेवढंच ऐकते. मला तेव्हा हा सगळा येडेपणा वाटायचा. मी विसाव्या वर्षी लई शहाणा होतो.

मथळा लांबला की आप्पा बोटानं हवेत एकेक शब्द तोडायचे आणि पुटपुटायचे, "साकु, साकु." म्हणजे पुरे. 'खळबळ' हा शब्द त्यांनी कचेरीतून हद्दपार केला होता. "खळबळ कुठं झाली दाव. मी सकाळी गोलाईच्या बाजारातून चालत आलो. लोक भजे खात बसले होते." बातमीदार कावायचे. पण गोलाईतल्या अडत्यापासून हमालापर्यंत कुणालाही विचारा, आमच्या पेपरातलं काय वाचलं, तर तो मथळाच सांगायचा. बातमी कोण वाचतंय? आप्पा म्हणायचे, मथळा वाचून माणूस चहा पितो आणि चहा पिता पिता बातमी आपली आपण तयार करतो. त्यात काही खोटं नव्हतं.

कचेरीच्या दाराबाहेर काळा फळा होता. शिपाई रोज सकाळी पहिल्या पानावरचे चार-पाच मथळे खडूनं त्यावर लिहायचा. पेपर विकत घेणारे शंभर असले तर फळा वाचून जाणारे हजार. आणि त्या हजारांनी घरी जाऊन जे सांगायचं, तीच त्या दिवशीची लातूरची बातमी.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. पावसानं पाठ फिरवलेली, नळाला आठवड्यातून एकदा धार, विहिरी तळाला गेलेल्या, आणि इकडं नवीन कलेक्टर कचेरीची पाटी रंगवून तयार. मालकांना मथळा हवा होता, 'लातूरचे स्वप्न साकार'. आप्पांनी तो सोजरबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कुनाचं तरी लगीन जमलं."

आप्पांचा मथळा होता, 'जिल्हा झाला, नळ कोरडाच'. छापला गेला मालकांचा. पेढे वाटले, फटाके उडाले. दुपारी एक म्हातारा फळा वाचून आत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, जिल्हा झाला म्हंत्यात. आता पानी कवा सुटंल?" आप्पांनी त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. अर्धं तो प्याला आणि उरलेलं त्यानं बायकोसाठी बाटलीत भरून नेलं.

सरकारी कागदात तेव्हा दुष्काळ नव्हता, 'टंचाईसदृश परिस्थिती' होती. आप्पा तो कागद बघून हसायचे. ते हसणं चांगलं नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. इतका वेळ टाळत होतो, हे कळतंय मला.

दुष्काळात बातम्या त्याच त्या येतात. 'पाण्यासाठी महिलांचा मोर्चा.' 'टँकर आलाच नाही.' 'चारा छावणीस मंजुरी.' मोठ्या टाइपाचे खिळे आमच्याकडं थोडे. पेपर छापून झाला की मथळा सोडून खिळे परत खणात टाकायचे, असा नियम. पण जो मथळा चार दिवसांनी परत लागणारच, तो सोडायचा कशाला? म्हणून आम्ही असे मथळे जुळवलेलेच ठेवायचो, भोवती सुतळी आवळून. खिडकीखालच्या फळीवर ते ओळीनं पडलेले असायचे. बातमी आली की बंडल उचलायचं, सुतळी काढायची, पानात बसवायचं. पाच मिनिटांचं काम. आप्पांना हे मान्य होतं. रोज तेच घडतंय तर रोज तेच जुळवून पोरांचे डोळे कशाला फोडायचे, असं तेच म्हणाले होते.

त्यात एक बंडल होतं, 'विहिरीत उडी घेऊन महिलेची आत्महत्या'. मथळा आप्पांचाच. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला निलंग्याकडच्या एका बाईनं खरोखर उडी घेतली होती, तेव्हा लिहिलेला. सोजरबाईनं ऐकला होता आणि विचारलं होतं, "कुनाची लेक होती वं?" म्हणजे मथळा पास. पुढं दोन महिन्यांत तो आणखी दोनदा लागला.

मग आप्पा वारलेल्या भावाच्या दिवसांसाठी उदगीरला गेले. तीन दिवस. दुसऱ्या दिवशी रेणापूरकडच्या एका खेड्यातून वार्ताहराचं पाकीट आलं. ही पाकिटं एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची. गावातल्या शाळेचे मास्तरच वार्ताहर, त्यांचं अक्षर सुरेख. चंद्रकला नावाची बाई आटलेल्या विहिरीत उतरली होती. तळाच्या झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरलं आणि वर चढताना पायरीवरून पाय घसरला. तळाला खडक. जागच्या जागी गेली.

ती बातमी मी जुळवली. 'पाय घसरून' हे शब्द माझ्या याच हातानं खणातून काढले. कंपोझिटर अक्षरं बघतो, अर्थ बघत नाही, हे सांगून मी पुष्कळ वर्षं स्वतःची समजूत घातली. विहीर आहे, बाई आहे, मेली आहे. मथळा कुणी लिहून दिलेला नव्हता. मी फळीवरून बंडल उचललं, सुतळी सोडली आणि बसवलं. प्रूफ मालकांनी पाहिलं. त्यांनी मथळा वाचला, जाहिराती जागेवर आहेत का बघितलं आणि सही ठोकली. सोजरबाई तिथंच फरशी पुसत होती. तिला कुणी काही ऐकवलं नाही.

छापून झाल्यावर मी तो मथळा सुतळीनं परत बांधून फळीवर ठेवला. सकाळी शिपायानं तो फळ्यावर उतरवला.

आठवड्यानं एक माणूस आला, बरोबर सतरा-अठराची मुलगी. माणसाचा एक डोळा सुजून बंद झाला होता. तो चंद्रकलाबाईचा नवरा, आणि मुलगी सुनंदा. पोरीनं पेपरचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. आप्पा तेव्हा परत आले होते, पण तो अंक त्यांनी पाहिला नव्हता. तो तुकडा त्यांनी वाचला. मी खिळ्यांच्या खणांमागं उभा होतो, तिथून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी मफलर काढून मांडीवर ठेवला.

"खाली बराबर लिव्हलंय साहेब," नवरा म्हणाला. "मास्तरनं वाचून दावलं. पर समद्यांनी वरचंच वाचलं. हिचे मामा आले. म्हनले, पेपरात आलंय, तू छळ केला म्हनून तिनं उडी घेतली. मारलं मला. मग ठाण्यात नेलं. तीन दिस बसवून ठिवलं."

"आता सोडलं ना?"

"सोडलं. पर हिची सोयरीक मोडाया लागली."

सुनंदाचं लग्न मुरुडकडं ठरलं होतं, अक्षय तृतीयेचा मुहूर्त. पंधरा दिवस उरले होते. तिकडच्यांनी निरोप पाठवला होता की जिची आई जीव देते त्या घरची पोर नको. मध्यस्थानं पुष्कळ सांगितलं, तेव्हा एवढं कबूल झाले की पेपरात आलंय तर पेपरानंच सांगावं, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मग बघू.

पोरगी एकदम बोलली, पण आवाज चढवून नाही. "आईच्या हातात वाटी होती. वाटी पायरीवर सापडली. जीव द्यायला निघालेली बाई वाटी घेऊन उतरंल का?"

आप्पांनी पेपरचा तुकडा तिला परत दिला. मग म्हणाले, "मथळा माझा हाय बाई. चूक माझी. मी दुरुस्त करतो."

मी तिथंच होतो. दहा पावलांवर. पुढं होऊन सांगायला काय लागत होतं? माझी नोकरी नवी, घरात खाणारी सहा तोंडं, हे सगळं खरं. पण खरं कारण असं की मला भ्या वाटलं आणि दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं तर बरं वाटलं.

त्या दुपारी आप्पा लिहायला बसले. पहिला कागद सोजरबाईपुढं धरला. "'चंद्रकलाबाईंनी उडी घेतली नाही.' काय कळलं?"

सोजरबाईनं फडकं पिळलं. "कुन्या बाईनं उडी घितली."

"अगं, घेतली नाही म्हणतोय."

"म्हनताव. पर मला उडीच दिसाली."

आप्पांनी कागद फाडला. मग दुसरा, मग तिसरा. 'आत्महत्या नव्हे, अपघात.' सोजरबाई म्हणाली, "कायतरी झाकाया लागलेत." संध्याकाळपर्यंत टेबलाखाली कागदांचे बोळे साचले. त्या माणसाला मी मथळ्यासाठी इतकं झगडताना कधीच पाहिलं नव्हतं. उडी हा शब्द न घेता, उडी घेतली नाही हे सांगायचं होतं. शेवटी त्यांनी पोरीचंच बोलणं घेतलं. 'हातात पाण्याची वाटी, पायरीवरून पाय घसरला, चंद्रकलाबाई गेल्या.'

सोजरबाईनं ऐकलं आणि फडकं बाजूला ठेवलं. डोळ्याला पदर लावला. आप्पा म्हणाले, "साकु."

मालकांनी तो कागद वाचला. आप्पांची मागणी साधी होती. पहिलं पान, तीच जागा, तोच टाइप, आणि खाली एक ओळ, 'आमचा आधीचा मथळा चुकीचा होता'.

"आतला मजकूर बरोबर होता ना?" मालक म्हणाले. "मग चूक कसली? पहिल्या पानावर आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यायची? नवीन जिल्ह्यात चार पेपर निघायला लागलेत, मालूम आहे ना?"

"पोरीचं लगीन मोडाया लागलंय मालक."

"खुलासा देऊ की. देत नाही म्हटलं का?"

खुलासा आला. तिसऱ्या पानावर, तूर-हरभऱ्याच्या बाजारभावाखाली, बारीक टाइपात, चार ओळी. मीच जुळवला. 'नजरचुकीने' हा शब्द मालकांनी घातला होता. मुरुडच्या लोकांना सुनंदाच्या बापानं तो अंक नेऊन दाखवला, तेव्हा त्यांनी आधी पान उलटून पहिलं पान बघितलं. तिथं नाही म्हटल्यावर अंक परत दिला.

मग आप्पांनी फळा हातात घेतला. सकाळी शिपाई यायच्या आधी येऊन ते स्वतःच्या अक्षरात सगळ्यात वर लिहायचे, 'हातात पाण्याची वाटी, पायरीवरून पाय घसरला', आणि खाली 'मथळा आमचा चुकला'. मालक आले की पुसायला लावायचे. आप्पा दुसऱ्या दिवशी परत लिहायचे. लोकांना गंमत वाटायला लागली. आज पुसलं का, आज राहिलं का, एवढंच बघायला गोलाईतली माणसं थांबायची. सहाव्या दिवशी मालकांनी आप्पांना घरी बसायला सांगितलं. अठरा वर्षं काम केलेला माणूस मफलर गळ्यात घालून, आपला तांब्या उचलून निघून गेला. खुर्ची दोन दिवस रिकामी होती. तिसऱ्या दिवशी मालकांचा भाचा येऊन बसला आणि सोजरबाईला कुणी काही विचारायचं बंद झालं.

अक्षय तृतीया आली आणि गेली. मुरुडच्या मुलाचं लग्न दुसरीकडं लागलं.

पुढचं मला ऐकूनच कळलं. आप्पा पाटी घेऊन रेणापूर भागातले आठवडी बाजार फिरायला लागले होते. शाळेतल्या पोरांची असते तशी दगडी पाटी. तिच्यावर तीच ओळ. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायचे. लोक म्हणायला लागले, पेपरचा येडा आलाय. एका बाजाराच्या दिवशी मी रजा टाकून गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

ऊन भयंकर. बाजारात माल थोडा, माणसं जास्त. आप्पा पाटी छातीशी धरून उभे, मफलरसकट. एक शेतकरी थांबला, ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन चंद्रकला?"

आप्पांनी गावाचं नाव सांगितलं.

"हां हां," तो लगेच म्हणाला, "ती उडी घेतलेली. आलं होतं पेपरात." आणि पुढं गेला.

असं माझ्यादेखत तीनदा झालं. वाटी, पायरी, पाय घसरला, सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी उडीपाशीच येऊन थांबायचे. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना ती बाई त्याच एका ओळीनं ठाऊक होती.

मग सुनंदा आली. रोजगार हमीच्या कामावरून, हाताला खडीचा धुरळा तसाच. शेजारी तिचा धाकटा भाऊ. तिनं आप्पांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातातली पाटी हळूच घेतली.

"आप्पा, एक बोलू का? राग नका धरू."

"बोल बाई."

"तुमी आता येऊ नका."

आप्पांना कळलं नाही. मलाही नाही.

"लोक इसराया लागलेत," ती म्हणाली. "एरवी कामावर कुनी इचारत न्हाई. तुमी बाजारात आलाव की दुसऱ्या दिशी परत समद्या बाया इचारत्यात, तीच का गं तू, जिच्या आईनं उडी घितली. तुमी आमच्यासाठी करताव, कळतंय मला. पर तुमी आलाव की आई परत उडी घेती."

तिनं पाटी पुसली नाही, नुसती परत दिली. भावाला घेऊन बाजाराच्या गर्दीत गेली. पाटी काखेत धरून आप्पा एसटीच्या थांब्याकडं निघाले.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. पाटी त्यांच्या मांडीवर, अक्षरं खाली. लातूरची वेस जवळ आली. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "आप्पा, ते बंडल मी उचललं होतं. मथळा मी लावला."

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"ती बापलेक येऊन गेली त्या दिवशी फळीवरचं ते बंडल बघितलं. छापून झाल्यावर परत नव्यानं बांधलेलं. गाठ उलट्या हाताची." त्यांनी माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. "आपल्या कचेरीत तशी गाठ एकच जण मारतो."

"मग मालकापुढं का नाही बोललात?"

"तुझं नाव सांगितलं असतं की मालकाला मथळा मिळाला असता. 'कंपोझिटरच्या चुकीने.' मग तेवढंच वाचून सगळे मोकळे झाले असते. मालक मोकळा, मी मोकळा." मग म्हणाले, "लिहिला मीच होता रे. एकीसाठी लिहिला आणि सगळ्यांसाठी बांधून ठेवू दिला."

गोलाईपाशी आम्ही उतरलो. त्यांनी पाटी मला दिली. घरात शाळेला जाणारं कुणी असेल तर दे, म्हणाले. त्यानंतर ते उदगीरला गेले ते तिकडचेच झाले. बाजारात परत कधी दिसले नाहीत. ते वारल्याचं मला वर्षानं कळलं, तेही आमच्याच पेपरात. 'दुःखद निधन' हे बंडल तेव्हाही फळीवर तयार असायचं.

बाजाराहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत लवकर गेलो आणि फळीवरचे सगळे मथळे सोडले. सुतळ्या कापल्या, खिळे एकेक करून खणात टाकले. सोजरबाई दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, "आता रोज नवं लिव्हनार?" मी हो म्हणालो.

त्याच दिवशी दुपारी औशाकडून पाकीट आलं. विहीर, बाई. मजकूर मी दोनदा वाचला, मग मथळा नव्यानं जुळवला. चार दिवसांनी आणखी एक तसलीच बातमी आली. मग मोर्चा, मग टँकर. भाचा घड्याळ दाखवून ओरडायला लागला.

महिनाभरात फळी परत भरली. सुतळीला गाठी माझ्याच होत्या. पाऊस अजून आला नव्हता.